पडलेला दात दुधात टाका: खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आणि पीटी सरांना

सगळ्यात आधी हेच सांगते, कारण बाकीचं सावकाश वाचता येईल. खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट बाहेर पडला, तर तो शोधा. तोंडात एरवी दिसतो तो भाग धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधानं हलकेच धुवा. दूध नसेल तर नळाच्या धारेखाली क्षणभर धरा. चोळायचा नाही, रुमालानं पुसायचा नाही, साबण-जंतुनाशक काही लावायचं नाही. मग शेजारच्या दाताकडे बघून पुढची बाजू पुढे करा आणि हिरडीतल्या त्याच्याच खड्ड्यात अलगद दाबून बसवा. वर घडी केलेला रुमाल ठेवून मुलाला हळू चावून धरायला लावा आणि दातांच्या डॉक्टरकडे निघा.

बसवायची छाती झाली नाही, किंवा पोर रडून हात लावू देईना, तर दात दुधात टाका. साधं थंड दूध. नंदिनीची पिशवी असो की डेअरीतनं आणलेलं, चालतं; साखर घातलेलं, चहाचं, हळदीचं नको. ताक आणि दही तर मुळीच नको, ते आंबट असतं. दूध मिळेपर्यंत मुलाला वाटीत थुंकायला लावा आणि त्या थुंकीत दात बुडवून ठेवा. मूल मोठं आणि शुद्धीवर असेल तर दात गालात धरूनही चालतो, पण धाकट्याला तसं सांगू नका, गिळायचा. पाण्यात दात टिकत नाही. तरी कोरड्या कागदाच्या पुडीपेक्षा पाणी परवडलं. मी बेळगावात दातांची डॉक्टर आहे, आमच्याकडे पडलेले दात येतात ते बहुतेक पुडीतच.

एवढी घाई का, तर मुळाभोवती एक पातळ जिवंत पापुद्रा असतो आणि दात हाडाला धरून ठेवतो तो तोच. हवेत तो वाळून मरतो. पाव तासाच्या आत दात जागेवर गेला तर उत्तम. कोरडाच तासभर राहिला तरी आम्ही तो बसवतो, दिसायलाही बरा दिसतो, पण पुढे हाडाला चिकटतो आणि हाड त्याचं मूळ खात जातं. वाढत्या वयात तर जबडा वाढतो आणि तो दात तिथेच अडकून राहतो, म्हणून शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो.

आता नकाशा आठवा. कणकुंबीत, जांबोटीच्या पलीकडच्या शाळेत पोरगं पडलं, तर त्याला घेऊन बेळगावला माझ्या खुर्चीपर्यंत येईतो तो तास रस्त्यातच संपतो. मी कितीही हुशार असले तरी माझा नंबर दुसरा. पहिला नंबर मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचा, म्हणजे पीटी सरांचा, नाहीतर आखाड्यातल्या वस्तादांचा. माझा धाकटा दीर येळ्ळूरला पोरांना कबड्डी शिकवतो. त्याच्या पिशवीत मी घट्ट झाकणाची एक स्वच्छ डबी, रबरी हातमोजे, गॉजच्या घड्या आणि सलाइनची छोटी बाटली टाकून ठेवलीय. दूध मैदानाशेजारच्या कुठल्याही घरी मिळतं.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवायचा नाही. खाली पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो, त्याला धक्का लागतो. दुधाचा की पक्का, हे ओळखायचं कसं? वरचे पुढचे दोन पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. ते रुंद असतात, जरा पिवळसर असतात आणि नवे असताना त्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसतात. दुधाचा दात चिमुकला आणि पांढराशुभ्र. नाहीच कळलं तर बसवू नका, दुधात टाका आणि घेऊन या, आम्ही बघतो.

दात पडला नाही, नुसता तुकडा उडाला, तर तोही शोधून दुधात किंवा पाण्यात ठेवा; पुष्कळदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. शोधूनही सापडला नाही तर फुटलेल्या ओठाच्या आत बघा. ओठात रुतलेला तुकडा टाके घालताना तसाच राहून जातो आणि मग गाठ का आली म्हणून घरचे हैराण होतात. ओठात नसेल आणि पोरगं ठसकत असेल, तर तुकडा श्वासनळीत गेलेला असू शकतो, छातीचा एक्सरे लागतो. आणि पोर बेशुद्ध झालं होतं, उलट्या होताहेत, विचारलेलं भलतंच काहीतरी सांगतंय, असं असेल तर दाताचं राहू द्या, आधी मोठ्या दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा, विचारतीलच.

बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. खाजगीपेक्षा खर्च कमी येतो, वेळ जास्त जातो. पण दात पडल्याची केस आहे असं दारातच सांगितलंत तर रांगेत बसवत नाहीत. चंदगडकडची मंडळी बेळगावलाच येतात. निपाणीकरांनी मात्र हद्दीचा विचार न करता सरळ कोल्हापूर गाठावं, तेच जवळ आहे.

दातांचं गार्ड

मार लागूच नये म्हणून माउथगार्ड असतं. बॉक्सिंगमुळे ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, पण बॉक्सिंगबाहेर इकडे फारसं कुणी वापरत नाही. वास्तविक दात पडतात ते कबड्डीत डोक्याला डोकं आपटून, खो-खोत खांबाजवळ तोंडावर पडून, कुस्तीत कोपर बसून, स्केटिंगमध्ये हात टेकायच्या आत तोंड टेकून, आणि गल्लीतल्या क्रिकेटमध्ये टप्पा चुकून उसळलेल्या चेंडूनं. हॉकीचं तर बोलायलाच नको. बेळगावला हॉकीचं वेड जुनं, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले बंडू पाटील इथलेच. आजही सकाळी स्टिका घेऊन निघालेली पोरं दिसली की माझं लक्ष आधी त्यांच्या वरच्या ओठाकडे जातं. धंद्याची खोड, दुसरं काय. ज्यांचे वरचे दात पुढे आलेत आणि ओठ मिटत नाहीत, त्यांना मार लागायची भीती सगळ्यात जास्त. तुमचं मूल तसं असेल तर आधी गार्ड घ्या, मग बूट.

गार्ड तीन तऱ्हेचं मिळतं. दुकानातलं तयार गार्ड तोंडात सैल बसतं, ते धरून ठेवायला दात आवळावे लागतात. त्यात पैसे घालू नका. दुसरं गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं. तिसरं आम्ही दातांचा साचा घेऊन बनवतो. ते सगळ्यात चांगलं, पण महाग, आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलाचे दात पडत-उगवत असल्यामुळे वर्षाच्या आत बसेनासं होतं. म्हणून त्या वयाला मी दुसऱ्या तऱ्हेचंच सुचवते. बारा-तेराच्या पुढे, मूल तालुका-जिल्हा पातळीवर खेळत असेल, तर साच्याचं घ्या.

गरम पाण्याचं गार्ड बसवताना पाकिटावर जितके सेकंद लिहिलेत तितकेच ते पाण्यात ठेवा. जास्त ठेवलं तर आकसतं. चमच्यानं काढून गार पाण्यात एकदा बुडवा, नाहीतर टाळू भाजते. मुलाला आरशासमोर बसवा, गार्डचा मध्य वरच्या दोन मोठ्या दातांच्या फटीवर आणा आणि हळू चावायला सांगा. इथे पोरं करकचून चावतात आणि मागे गार्ड कागदाएवढं पातळ होतं. मग त्याचा उपयोग शून्य. हळू चावून आतली हवा ओढून घ्यायची, जीभ वर टाळूला लावायची, आणि तुम्ही बाहेरून ओठांवरून, गालांवरून बोटं दाबत न्यायची. अर्ध्या मिनिटानं काढून गार पाण्यात टाका. आता परत घालून मुलाला मोठा आ करायला सांगा. गार्ड खाली पडलं तर परत गरम करा. दातांना तारा असतील तर मात्र हा उद्योग घरी करू नका, मऊ गार्ड तारांमध्ये जाऊन अडकतं. ज्यांनी तारा लावल्यात त्यांच्याकडूनच करून घ्या. तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे ज्युदोसारख्याच एका कुस्तीत, कांस्य घेऊन आली, तेव्हापासून ज्युदोला जाणाऱ्या मुली माझ्याकडे जास्त येतात, आणि त्यांच्यात तारावाल्या पुष्कळ.

कबड्डीवाल्यांची तक्रार ठरलेली: "मॅडम, हे घालून कबड्डी-कबड्डी म्हणायचं कसं? दम तुटला म्हणून पंच बाद करतोय की." तक्रार खरी आहे. सैल गार्डात शब्द बोबडा येतो. नीट बसलेल्या, टाळूकडून जरा कमी केलेल्या गार्डात येत नाही, पण त्याची सवय लागते. म्हणून नवीन गार्ड स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचं नाही. आधी घरी अभ्यास करताना, पाढे म्हणताना घालायचं, मग सरावात, आणि सामन्याआधी पंचांना दाखवायचं. दिराच्या पोरांनी असंच केलं, आता चढाईला जाताना त्यांचा आवाज स्पष्ट येतो.

खेळून झालं की गार पाण्यानं धुऊन, ब्रश फिरवून, भोकं असलेल्या डबीत ठेवा. गरम पाणी नको, दुचाकीच्या डिकीत तर नकोच, उन्हाळ्यात त्याचा आकार जातो. चघळून कडा फाटल्या की नवं घ्यायचं, आणि दरवर्षी स्पर्धा सुरू व्हायच्या आधी एकदा बसतंय का बघायचं.

सहाव्या वर्षीची दाढ

मार लागून जाणारे दात लोकांना दिसतात. किडीनं जाणारे त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि त्यात पहिला नंबर एकाच दाढेचा. साधारण सहाव्या वर्षी, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे, दोन्ही बाजूंना वर-खाली एकेक पक्की दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळतच नाही. आई म्हणते, "दुधाचीच हाय नव्हं, पडंल की." ती पडणार नसते. साठाव्या वर्षी भाकरी चावायची ती तिच्यावरच.

ही दाढ वर येत असताना शेजारच्या दाढांपेक्षा खाली असते, अर्ध्या भागावर हिरडीचा पडदा असतो, आणि वरून खोल चिरा. सरळ धरलेला ब्रश तिच्यावरून टांग्यासारखा निघून जातो, तिला टेकतसुद्धा नाही. म्हणून असं करा. मुलाला खाली बसवा, तुम्ही पाठीमागे उभं राहा, त्याचं डोकं मागे तुमच्या पोटाला टेकू द्या. एका बोटानं गाल बाजूला ओढा, तोंड अर्धंच उघडायला सांगा; पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि जागाच राहत नाही. ब्रश आडवा, गालाच्या बाजूनं आत घाला आणि त्या एका दाढेवर छोटे छोटे फेरे द्या. रात्री झोपताना हे तुम्हीच करायचं, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. ज्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही त्याला मागची दाढही घासता येत नाही.

दाढ पुरती वर आली की त्या चिरा आम्ही सीलंटनं बुजवतो. इंजेक्शन नाही, कोरणं नाही, काम थोड्या मिनिटांचं. माझ्या मते मुलांच्या दातांवर खर्चलेला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा हाच.

पेस्ट घेताना मागे फ्लोराइडचा आकडा बघा, 1000 पीपीएमच्या आसपास हवा. कार्टूनचं चित्र असलेल्या पुष्कळ पेस्टमध्ये तो निम्मा असतो किंवा नसतोच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर लावलेलं फ्लोराइड मोरीत जातं. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि घरातल्या, शेजारच्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग दिसत असतील, तर पाणी तपासून घ्या: लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, 1.5 च्या पुढे पिण्याला नको. हे डाग दात हाडात तयार होत असतानाच पडतात, आठ वर्षांच्या पुढे पाणी बदलून पुढच्या दातांना फारसा फायदा होत नाही.

महिन्यातनं एकदा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली की ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप देऊन ती मागे फिरवता येते. काळा खड्डा पडल्यावर नाही.

खेळाडूचं खाणं

इथे जरा थांबते, कारण दात किडले म्हणून येणाऱ्या खेळाडू पोरांच्या घरचे हमखास म्हणतात, "गोड खातच नाही हो तो." खात नसेल, पीत असतो. तोंडात गोड गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात. ते आम्ल लाळ हळूहळू धुऊन काढते, त्याला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. एकदा गोड खाल्लं तर एकदा आम्ल. बाटलीतलं रंगीत पेय दर पाच मिनिटांनी घोटघोट घेतलं तर सगळा सरावभर आम्ल. त्यात पळताना तोंडानं श्वास, म्हणजे लाळ वाळलेली, संरक्षण गेलेलं. शिवाय ही पेयं मुळात आंबट असतात, जंतूंची वाट न बघता ती थेट कवच खातात. कुस्तीतली पोरं वजनगटात बसायला पाणी तोडतात, थुंकून थुंकून वजन उतरवतात. त्यांचं तोंड तर वाळवंट होतं. आनंदवाडीच्या आखाड्यात उतरणाऱ्या कुणाची आई हे वाचत असेल तर वस्तादांशी यावर एकदा बोलावं. वाढत्या मुलाला हे दातांपलीकडेही वाईट.

तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. उन्हात लांबलचक सामने असतील आणि ओआरएस घ्यावंच लागलं, तर एका दमात प्या आणि वर पाण्याचे दोन घोट. तालमीची थंडाई, बदाम-दूध, उसाचा रस, सगळ्याला हाच नियम: प्यायचं तर पिऊन टाका, बाटली घेऊन हिंडू नका. लिंबू-सोड्यानंतर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, कवच त्या वेळी मऊ असतं. चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

ताकदीसाठी म्हणून गोकाकचं करदंट पोरांच्या पिशवीत असतं. गूळ, डिंक, सुकामेवा, अंगाला चांगलंच. पण दाढेच्या चिरेत बसलं की संध्याकाळपर्यंत हलत नाही. चिक्कीचं आणि गुळात वळलेल्या चुरमुऱ्याच्या लाडवाचं तेच. मी ते बंद करायला सांगत नाही, जेवणाबरोबर खायला सांगते. जेवताना लाळ भरपूर सुटते. कुंदा त्या मानानं बरा, विरघळून जातो. मैदानावरच्या मधल्या भुकेला भाजके शेंगदाणे, केळं, भाकरी-दही.

बाकी थोडक्यात. ऊस दातांनी सोलायचा नाही. हंगामात संकेश्वर-हुक्केरीकडनं टवका उडालेले पुढचे दात घेऊन पोरं येतात. सोड्याचं बूच, दोऱ्याची गाठ, यांनाही दात लावायचे नाहीत. राखुंडीनं कवच झिजतं. आजी मिश्री लावते आणि नात शेजारी बसून बोटभर घेते, हे अजून दिसतं. ती तंबाखूच आहे. कर्नाटकात गुटख्यावर 2013 पासून बंदी आहे, पण मैदानाच्या कट्ट्यावर काय मिळतं ते मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मूल सतत सुपारी चघळत असेल आणि तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

दात बसवून दिल्यावर लोक विचारतात, परत खेळायला कधी? परत बसवलेल्या दाताला आम्ही बारीक तारेनं शेजाऱ्यांशी साधारण दोन आठवडे बांधतो, तोवर सामना नाही, मऊ खाणं, आणि त्या दाताला मऊ ब्रश. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर याच दोन आठवड्यांत रूट कॅनॉल सुरू करावं लागतं. दुखत नाही म्हणून ते टाळू नका. तार काढल्यावर खेळू द्या, पण गार्ड घालून. आणि दात जागेवर असूनही ज्याला नुसता मुका मार लागलाय, त्याच्याही दाताचा रंग काही महिने बघत राहा. करडा पडायला लागला, किंवा हिरडीवर पुळी आली, तर आत नस मेलेली असते, परत घेऊन या.